दार फुगतं, करारनामा गप्प

नागपुरात मनीषनगरपासून बेसा-बेलतरोडीपर्यंत इमारतींची रीघ लागली आहे. ब्रोशरमध्ये टाइल्सची कंपनी असते, नळाची असते. दारं आणि ओट्याखालच्या बोर्डापुढे मात्र फक्त 'उत्तम दर्जाचे'. भांडण या दोन शब्दांशी आहे.

१. नागपूरची हवा लाकडाच्या मुळावर उठते. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास, हवा खडखडीत. जुलैत भिंतीसुद्धा ओलसर. त्यात आपला कूलर, म्हणजे ऐन उन्हाळ्यात घरातला पावसाळा. लाकूड रेषांच्या दिशेनं जवळपास वाढत नाही, आडवं मात्र फुगतं. म्हणून प्लायवूडमध्ये थर एकाआड एक उभे-आडवे चिकटवतात. एक थर दुसऱ्याला हलू देत नाही. चिकटवणारं रेझिन सुटलं, की ही युक्ती संपली.

२. दुकानात 'वॉटरप्रूफ' हा शब्द फुकट मिळतो. आयएस ७१० या भारतीय मानकाचा प्लाय ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) प्लाय दमटपणा सोसतो, बाथरूमच्या उंबऱ्यातलं साचलेलं पाणी नाही. पार्टिकल बोर्ड तर कडेनं फुगला की वाळूनही पूर्ववत होत नाही, आणि तरी तो सिंकखाली बसवणारे आहेतच!

३. बिलात १८ मिमी, हातात १६. "दोन मिलिमीटरचं काय घेऊन बसलात?" पण ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो, इथं तो सुमारे ३० टक्क्यांनी घटला. कपाटाची फळी पोक काढते ती उगाच नाही. सेंट्रिंगमध्ये, म्हणजे स्लॅब ओतायच्या साच्यात, हे जिवावर बेतू शकतं. पाच इंची ओला स्लॅब चौरस मीटरला ३०० किलोंच्या वर भरतो. आठ बाय चारच्या एका शीटवर नऊशे किलोंहून जास्त, वर माणसं वेगळी. कडा सुटलेलं जुनं प्लाय तिथं पुन्हा ठोकणं हा शुद्ध जुगार. सेंट्रिंगच्या प्लायला आयएस ४९९० हे स्वतंत्र मानक आहे. फ्लॅट बुक केलेल्यांनी साइट इंजिनिअरला त्याबद्दल जरूर विचारावं.

४. मागणी साधी आहे: करारनाम्यात प्रत्येक बोर्डाचा आयएस क्रमांक, ग्रेड आणि जाडी लिहा. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांत कामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरनं तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. पण कागदावर 'उत्तम दर्जा' एवढंच असेल, तर दोष कशाच्या तुलनेत दाखवणार?

५. महाग पडेल? सगळीकडे ७१० नकोच. बेडरूमच्या कपाटाला एमआर चालतो. पाण्याजवळ तेवढा चांगला घ्या. बोर्डावरच्या आयएसआय शिक्क्यातला परवाना क्रमांक बीआयएस केअर अॅपवर तपासता येतो. फक्त हे सनमायका बसण्याआधी करा. नंतर सगळे बोर्ड सारखेच दिसतात.