खासगीपणा हाही उपचाराचाच भाग

“आमच्या बाबांना मोबाईल जमत नाही, डॉक्टर,” ही तक्रार दवाखान्यात नेहमी कानावर पडते. बाबांशी थोडा वेळ बोलल्यावर पुष्कळदा निराळेच कारण समोर येते. अडचण बोटांची नसते. मन धजत नसते. आपल्या मूत्रविकाराची किंवा झोपेच्या गोळीची नोंद एकदा मोबाईलमध्ये गेली की ती कोणाकोणाच्या दृष्टीस पडेल, ही त्यांची शंका असते. तिला अडाणीपणा म्हणून झटकून टाकणे योग्य नव्हे.

माणसे नवे तंत्रज्ञान का स्वीकारतात, याचा अभ्यास अनेक दशके चालू आहे. साधन उपयोगी वाटते का आणि वापरण्यास सोपे वाटते का, या दोन गोष्टी निर्णायक ठरतात, असे अमेरिकी संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडले. पुढील संशोधकांनी त्यात विश्वास आणि खासगीपणाची चिंता यांची भर घातली. मिळणारा लाभ किती आणि उघड होणारी माहिती किती, असा हिशेब माणूस मनोमन करीत असतो. ज्येष्ठांविषयीच्या अभ्यासांतही हेच आढळते. पडल्यास सूचना देणारे उपकरण अनेकांना चालते. घरात सतत पाहणारा कॅमेरा मात्र फार खुपतो.

विश्वास गमावला की उपयुक्त योजनाही कोसळते. इंग्लंडमध्ये कुटुंब-डॉक्टरांकडील नोंदी एकत्र करून संशोधनासाठी वापरण्याची ‘केअर डॉट डेटा’ ही योजना आखली गेली. हेतू चांगला होता. पण माहिती कोणाच्या हाती जाणार, हे लोकांना नीट सांगितले गेले नाही. माहितीपत्रके अनेकांपर्यंत पोहोचलीच नाहीत. फेब्रुवारी २०१४ मध्ये योजना थांबविण्यात आली आणि जुलै २०१६ मध्ये ती गुंडाळावी लागली.

आपल्याकडे सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. त्यातील चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक ऐच्छिक आहे. नोंदी ज्या रुग्णालयात वा प्रयोगशाळेत तयार होतात तेथेच राहतात आणि रुग्णाच्या संमतीने दुसऱ्या डॉक्टरांना दिसतात, अशी त्याची रचना आहे. दिलेली संमती मागे घेता येते. जुने कागद हरविणाऱ्या रुग्णांसाठी ही सोय निश्चितच मोलाची आहे. मात्र ‘संमती’ या शब्दाचा अर्थ त्यांना कोणीतरी शांतपणे समजावून सांगितला पाहिजे.

खासगीपणाचा भंग केवळ परकेच करतात असे नाही. मायेची माणसेही नकळत करतात. माझ्या एक वृद्ध रुग्ण मुलाच्या मोबाईलवरून व्हिडिओद्वारे सल्ला घेत. खोलीत सून आणि नातवंडे असत. प्रत्येक वेळी “सगळे ठीक आहे” असेच उत्तर येई. पुढे पायांवर सूज आणि धाप घेऊन त्या दवाखान्यात आल्या. मुलगा गाडी लावण्यास गेला असता त्या हळूच म्हणाल्या, “लघवी कपड्यांत होते, म्हणून ती गोळी मी बंद केली. सगळ्यांसमोर कसे सांगू?” हृदयविकारासाठी दिलेली ती लघवी वाढविणारी गोळी होती. ती अचानक बंद केल्याने शरीरात पाणी साठले होते. गोळीची वेळ बदलण्यासारखा उपायही, ही अडचण कळल्याशिवाय सुचविता आला नसता.

म्हणून कुटुंबीयांना काही विनंत्या आहेत. व्हिडिओ सल्ल्याच्या वेळी आई-वडिलांना काही मिनिटे डॉक्टरांशी एकटे बोलू द्यावे. त्यांचे अहवाल नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप समूहावर टाकण्यापूर्वी त्यांना विचारावे. खोलीत कॅमेरा बसवायचा झाल्यास तो कोठे असेल, कोण पाहील आणि केव्हा बंद राहील, हे त्यांच्याशी बोलूनच ठरवावे. स्मृतिभ्रंशाची सुरुवात असेल, तर कोणाला काय कळावे हे त्यांना सांगता येते तोवरच विचारून लिहून ठेवावे.

ज्येष्ठांनीही “आपल्याला हे नकोच” असे म्हणून दार लावून घेऊ नये. नोंदणी करताना ओटीपी मागितल्यास कशासाठी, असे निःसंकोच विचारावे आणि आलेला संदेश वाचावा. फोनवर अनोळखी व्यक्तीला ओटीपी कधीही सांगू नये. फसवणूक होऊन पैसे गेल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

आणि एखादी गोष्ट घरच्यांसमोर सांगता येत नसेल, तर पुढील भेटीत “डॉक्टर, दोन मिनिटे एकटे बोलायचे आहे,” एवढेच म्हणावे. मुलांनी त्याचा राग मानू नये. त्या दोन मिनिटांत कळलेल्या गोष्टीने उपचाराची दिशाच बदलू शकते.