विम्याचा दावा नाकारला? आधी कारण लेखी मागा

ताप-खोकल्याच्या रुग्णांबरोबर हल्ली दवाखान्यात आणखी एक दुखणे येऊ लागले आहे. रुग्ण बरा होऊन घरी आलेला असतो, पण हातात विमा कंपनीचे पत्र असते, 'दावा नामंजूर'. बहुतेक लोक पत्राची घडी घालून नशिबाला दोष देतात. मला हे मुळीच पटत नाही. वर्षानुवर्षे हप्ता भरणाऱ्या माणसाने याचकासारखे का वागावे?

माझ्या एका रुग्णाचेच पाहा. हे निवृत्त गृहस्थ. पॉलिसी २०२० ची. २०२४ च्या सुरुवातीला न्यूमोनिया झाला म्हणून शहरातील इस्पितळात दाखल झाले. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी मुलाला विचारले, "ब्लडप्रेशर आहे का?" मुलगा घाबरलेला, म्हणाला, "आहे, बऱ्याच वर्षांपासून." केसपेपरवर लिहिले गेले, 'दहा वर्षांपासून'. झाले! जुना आजार लपवला म्हणून कंपनीने दावा फेटाळला. वास्तविक त्यांचा रक्तदाब मी स्वतः २०२२ साली प्रथम तपासून गोळी सुरू केली होती. माझ्याकडच्या नोंदीच्या तारखा घालून मी पत्र दिले, इस्पितळानेही दुरुस्तीचा दाखला दिला. दोन पत्रांनंतर पैसे मिळाले.

म्हणून सांगतो, दाखल होताना आजार किती वर्षांचा हे अंदाजाने सांगू नका. घरी जाताना डिस्चार्ज कार्ड तिथेच वाचून घ्या. इंग्रजी येत नसेल तर सिस्टरला वाचायला सांगा, त्यात लाज कसली?

नकार तोंडी किंवा फोनवर घेऊ नका. विमा नियामक प्राधिकरणाने मे २०२४ च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावले आहे की, दावा नाकारताना पॉलिसीतील नेमक्या अटीचा हवाला दिला पाहिजे. ती अट वाचल्यावर उत्तर कोणी द्यायचे ते कळते. 'दाखल करण्याची गरज नव्हती' असे म्हटले असेल, तर उत्तर उपचार करणाऱ्या डॉक्टरने द्यायचे. ऑक्सिजन किती खाली गेला होता, शिरेतून औषध का द्यावे लागले, हे चार ओळींत लिहून देणे आम्हा डॉक्टरांचे कामच आहे. आमचे काही व्यवसायबंधू त्याचा कंटाळा करतात, हे खेदाने नमूद करतो.

आणखी एक नियम फारसा कोणाला ठाऊक नसतो. पॉलिसी सलग साठ महिने चालू राहिली की अर्जात माहिती दिली नाही या कारणावरून दावा नाकारता येत नाही. सिद्ध झालेली फसवणूक मात्र याला अपवाद. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती, २०२४ पासून ती पाच झाली. याचा अर्थ साखर लपवावी असा नव्हे. "लिहू नका, हप्ता वाढेल," असे सांगणारा एजंट दाव्याच्या वेळी तुमच्या शेजारी उभा नसतो. अर्ज स्वतः वाचूनच सही करा.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा आणि पोच जपून ठेवा. महिनाभरात उत्तर आले नाही वा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. पुणे व मुंबई येथे त्यांची कार्यालये आहेत. फी नाही, वकील लागत नाही. पन्नास लाखांपर्यंतची प्रकरणे ते ऐकतात. त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. फक्त कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत जायला हवे.

माझ्याकडे पत्रासाठी येणाऱ्यांनी जुने केसपेपर व पॉलिसीची प्रत घेऊन यावे. पत्राचे मी पैसे घेत नाही. मात्र "डॉक्टर, तारीख जरा मागची टाका" असे म्हणणाऱ्यांनी येण्याची तसदी घेऊ नये.