घरातला समुद्र आणि हातावरची गाठ

रोह्याचे एक निवृत्त गृहस्थ बोटावरची गाठ दाखवावयास आले. मलमाने ती बरी होईना. चौकशीअंती कळले, की घरी खाऱ्या पाण्याची मोठी मत्स्यटाकी बांधताना, पंप बसविताना बोट खरचटले होते. 'मायकोबॅक्टेरियम मॅरिनम' हा क्षयजंतूचा भाऊबंद अशा पाण्यातून जखमेवाटे शिरतो. गाठ काही आठवड्यांनी उमटते आणि उपचार काही महिने चालतात. प्रयोगशाळेत तो सुमारे ३० अंशांवर वाढवावा लागतो. म्हणून डॉक्टरांना टाकीविषयी आवर्जून सांगावे. छंद सोडू नये. मात्र आधी विजेचे बटण बंद करावे, लांब रबरी हातमोजे घालावेत. जखम असल्यास, विशेषतः मधुमेहींनी, पाण्यात हात घालूच नये. ते काम नातवंडांवरही सोपवू नये. त्यांनी मासे पाहावेत.