मुक्या जिवाची करंगळी

“कुत्र्याचें शेपूट नळींत घातलें तरी वाकडें तें वाकडेंच,” अशी आपल्यांत एक म्हण आहे. शेपटीपुरती ती खरी असेल. परंतु आपण ती कुत्र्याच्या बुद्धीला लावतों आणि तिच्या आडून स्वतःचा आळस झांकतों, असें माझें मत आहे. विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं कुत्र्याचें पिलूं असेल, किंवा तें आणावें म्हणून तुम्ही आईवडिलांच्या मागें लागलां असाल. अशा पिलाला घर घाण न करण्यास, आणि बाहेर जाण्याची गरज भासतांच तसें खुणेनें सांगण्यास शिकवितां येतें काय? येतें. मात्र त्याआधीं एक धडा घरांतील माणसांना शिकावा लागतो, आणि तोच अधिक कठीण आहे. तो धडा हा, कीं खूण झाली म्हणजे उठून दार उघडावयाचें.

आपल्या खारदांड्याची वस्ती तुम्हां सर्वांना परिचित आहे. कोळीवाड्यांतील घरें खांद्याला खांदा लावून उभीं आहेत. एकाचें दार उघडलें तर तें दुसऱ्याच्या ओट्याला लागावें इतक्या कित्येक गल्ल्या अरुंद आहेत. किनाऱ्यावर बांबूंना दोऱ्या बांधून बोंबील वाळत घालतात. तें आपल्या शेजाऱ्यांचें अन्न आहे आणि उपजीविकाही आहे. अशा ठिकाणीं पिलानें कोठें बसावें आणि कोठें बसूं नये हा प्रश्न क्षुल्लक नाहीं. त्यावरून शेजाऱ्याशेजाऱ्यांत भांडणें होतात, मुलांना मार बसतो, आणि शेवटीं एखाद्या रात्रीं तें पिलूं पोत्यांत घालून दूर कोठें तरी सोडून दिलें जातें. ज्या पिलाची समजूत आपण वेळींच घातली नाहीं, त्याच्या नशिबीं बहुधा हीच शिक्षा येते. म्हणून हा विषय या पानांत मांडावासा वाटला.

प्रथम माझ्याच हातून घडलेला दोष सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं, जून महिन्यांत, माझ्या धाकट्या पुतण्यानें बंदरावरून एक तांबूस रंगाचें गावठी पिलूं उचलून आणलें. एक जूनपासून एकतीस जुलैपर्यंत मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, माणसें घरीं आणि पाऊस अखंड. त्या पावसांत पिलूं दिवसांतून चार वेळां खोलींत घाण करी. मी वर्तमानपत्राची सुरळी करून त्याला मारीत असें, आणि थोरांच्या रीतीप्रमाणें त्याचें नाकही त्या जागीं नेऊन घाशीत असें. आठ दिवसांनीं खोलींत घाण दिसेनाशी झाली. मला वाटलें, विद्या आली! पुढें एके दिवशीं खाट सरकविली तेव्हां खरा प्रकार उघडकीस आला. पिलूं स्वच्छतेस शिकलें नव्हतें. माझ्यापासून लपण्यास शिकलें होतें.

शेजारची एक वृद्ध कोळीण हें सर्व ओट्यावरून पाहात असे. ती मला म्हणाली, “मास्तर, पिलूं तुम्हांला रोज सांगतें, तुम्हीच ऐकत नाहीं.” मला तें बोलणें झोंबलें, परंतु दुसऱ्या दिवशीं मीं मुद्दाम लक्ष ठेविलें. पिलूं झोपेंतून उठलें, जमीन हुंगत दोन वेढे घेतले, दारापाशीं गेलें, क्षणभर उभें राहिलें आणि माझ्याकडे पाहिलें. मी हालचाल केली नाहीं असें पाहून तें मुकाट्यानें खाटेखालीं वळलें. त्याची अर्जी नियमानें येत होती. तिजवर निकाल देणारा अधिकारीच झोंपेंत होता.

मारानें हें काम कां होत नाहीं तें समजून घेतलें पाहिजे. जनावराच्या मनांत कृति आणि तिचें फळ यांची गांठ कांहीं क्षणांतच बसते. घटकाभरापूर्वीं केलेल्या घाणीबद्दल आतां मार दिला, तर पिलूं त्या घाणीचा संबंध माराशीं जोडीत नाहीं; मालकाच्या पावलांचा संबंध माराशीं जोडतें. “पण तें अपराध्यासारखें पाहातें कीं!” असें आपण म्हणतों. न्यूयॉर्क येथील अलेक्झांड्रा होरोविट्झ या विदुषीनें चौदा कुत्र्यांवर केलेले प्रयोग २००९ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत असें आढळलें, कीं कुत्र्यानें खाऊ चोरला असो वा नसो, मालक रागावला म्हणजे तो तसा चेहरा करतो. तो चेहरा पश्चात्तापाचा नसून आपल्या रागाचें तें प्रतिबिंब असतें.

उलट, फळ तात्काळ मिळालें तर जनावर किती लवकर शिकतें, हें एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन शास्त्रज्ञानें १८९८ सालींच दाखवून दिलें होतें. तो भुकेल्या मांजरास पेटींत कोंडी. आंतील दोरी ओढली अथवा खटका दाबला कीं दार उघडे आणि बाहेर अन्न असे. पहिल्यानें मांजर वाटेल तशी धडपड करी. परंतु प्रत्येक खेपेस सुटकेस लागणारा वेळ कमी होत जाई. कुत्र्यांवरही त्यानें असेच प्रयोग केले. यांतील मर्म असें, कीं जें केल्यानें दार उघडतें तें जनावर पुन्हां करतें, आणि ज्यानें दार उघडत नाहीं तें सोडून देतें.

आपल्या पूर्वजांनाही या अन्यायाची जाणीव होती. महाभारताच्या आदिपर्वांत, कथेच्या अगदीं आरंभीं, सरमा नांवाच्या देवशुनीची गोष्ट येते. कुरुक्षेत्रीं जनमेजय राजाचें सत्र चाललें असतां तिचें पिलूं तेथें गेलें आणि राजाच्या भावांनीं त्याला बडविलें. तें रडत आईकडे आलें. तूं कांहीं अपराध केला असशील, असें आई म्हणाली. तेव्हां, आपण हविर्द्रव्याकडे पाहिलेंही नाहीं कीं त्याला जीभही लावली नाहीं, असें त्यानें सांगितलें. सरमेनें राजाकडे जाऊन जाब विचारला. कोणापाशींही उत्तर नव्हतें. निरपराध्याला मारणाऱ्यांवर न दिसणारें भय येईल, असा तिनें शाप दिला. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या उंबरठ्यावर एका मार खाल्लेल्या पिलाची फिर्याद आहे, हें विसरण्याजोगें नाहीं.

आतां रीत सांगतों. ती सोपी आहे, पण रोज पाळावी लागते. पिलूं झोपेंतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळ संपल्यावर त्याला लगेच बाहेर न्यावें. दोन महिन्यांच्या पिलाला दिवसा दोन-तीन तासांहून अधिक वेळ आवरून धरवत नाहीं. वय वाढेल तसा हा अवधि वाढतो. दाराला, पिलाच्या नाकाच्या उंचीवर, एक लहानशी पितळी घंटा दोरीनें टांगावी. बाहेर नेण्यापूर्वीं प्रत्येक वेळीं त्याचें नाक किंवा पंजा त्या घंटेस लागूं द्यावा. ती वाजतांच दार उघडावें, “चल बाहेर” असा ठराविक शब्द उच्चारावा आणि ठराविक जागींच न्यावें. तेथें काम उरकतांच, घरीं परतण्याची वाट न पाहतां, शाबासकी द्यावी आणि उकडलेल्या मासळीचा कांटे काढलेला, बिनमिठाचा लहानसा तुकडा द्यावा. खारवलेली सुकी मासळी पिलाला देऊं नये.

घरांत चूक घडलीच तर बोलूं नये, मारूं नये. जागा नीट धुऊन वास पूर्ण घालवावा. कारण वास राहिला म्हणजे पिलाला ती जागा मोकळी आहे असें वाटतें. पुष्कळ पिलें घंटेवांचूनही दाराशीं उभें राहून अथवा कुंईकुंई करून सांगतात. तीही खूण तितक्याच मोलाची आहे. मात्र शिकलेलें पिलूं एकाएकीं वारंवार लघवी करूं लागलें तर तो खोडकरपणा समजूं नये. तो आजार असूं शकतो आणि त्यास जनावरांच्या डॉक्टरकडे न्यावें.

कोणी म्हणतात, “घंटा शिकविली म्हणजे पिलूं हिंडण्यासाठीं ती दिवसभर वाजवील.” ही अडचण खरी आहे. तिचा उपाय असा, कीं घंटा वाजली तर पिलाला दोरी बांधून त्या ठराविक जागींच न्यावें, पांच मिनिटें उभें राहावें, आणि कांहीं न केल्यास खेळूं न देतां परत आणावें. घंटेचा अर्थ एकच आहे, हें त्यास थोड्याच दिवसांत कळतें. परंतु “आतां खोटेंच वाजवीत असेल” असें म्हणून बसून राहूं नये. दुसरे म्हणतात, “गावठी कुत्र्याला हें जमावयाचें नाहीं.” आमच्या तांबड्या पिलाला तें सुमारें तीन आठवड्यांत जमलें, आणि दांड्यांतील गल्लीचें कुत्रें कोणत्या घरीं केव्हां मासळी साफ होते हें घड्याळावांचून जाणतें, हें तर आपण नित्य पाहातों.

येथें शेजारधर्माचाही विचार केला पाहिजे. पिलूं आपल्या घराबाहेर गेलें म्हणजे आपलें कर्तव्य संपलें असें नव्हे. कारण आपलें बाहेर तें दुसऱ्याचें अंगण असतें. २६ जुलै २००५ रोजीं शेजारच्या सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्या महापुरानंतर मुंबईंत लेप्टोस्पायरोसिसची सांथ आली. हा रोग उंदरांच्या मूत्रांतून पसरतो, तसाच रोगी कुत्र्याच्या मूत्रांतूनही पसरूं शकतो. म्हणून रेबीजबरोबर या रोगाचीही लस कुत्र्यास टोंचून घ्यावी, मुलांच्या खेळण्याच्या आणि मासळी वाळविण्याच्या जागेपासून त्याला दूर न्यावें, आणि विष्ठा कागदानें उचलून कचऱ्यांत टाकावी. मुंबई महापालिकेच्या २००६ सालच्या स्वच्छतेच्या उपविधींनींही हें काम मालकावरच सोंपविलें आहे.

पालकहो, आतां जें सांगावयाचें तें सांगण्यास मला लाज वाटते. फार वर्षांपूर्वीं मी एका शाळेंत खालच्या वर्गावर शिकवीत होतों. एका मुलानें करंगळी वर केली. त्या दिवशीं वर्ग गडबड करीत होता आणि मी त्रासलेला होतों. “खालीं बस, हीं सोंगें मला ठाऊक आहेत,” असें मी म्हणालों. तो बसला. थोड्या वेळानें त्याच्या बांकाखालीं ओल दिसली आणि सारा वर्ग हंसला. तो मुलगा कांहीं दिवस शाळेंत आला नाहीं. पुढें आला, पण त्या वर्षीं त्यानें पुन्हां हात म्हणून वर केला नाहीं — ना बाहेर जाण्यासाठीं, ना उत्तर देण्यासाठीं, ना न समजलेलें विचारण्यासाठीं. एक करंगळी मीं नाकारली आणि तिच्याबरोबर सबंध हात खालीं बसविला. खाटेखालीं लपणाऱ्या पिलाला पाहून मला तो मुलगा आठवला, आणि मग सुरळी हातांत धरवेना.

जनावराला विनाकारण मारणें हा १९६० च्या कायद्यानें गुन्हा आहे, आणि शाळेंत मुलाला मारणें अथवा त्याचा मानसिक छळ करणें २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें वर्ज्य आहे. हे कायदे योग्यच आहेत. परंतु न मारणें ही केवळ अर्धी वाट झाली. ऐकून न ऐकल्यासारखें करणें हें कोणत्याही कायद्याच्या कलमांत सांपडत नाहीं, आणि तरी खूण करणारा जीव त्यानेंच मुका होतो.

त्या पावसाळ्याच्या अखेरीस, नारळी पौर्णिमेच्या सुमारास, एका रात्रीं दोनच्या पुढें आमच्या दारावरची घंटा प्रथमच आपण होऊन वाजली. बाहेर धो धो पाऊस, अंगावर पांघरूण. “सकाळीं पाहूं,” असें मनांत आलें नाहीं असें म्हणणार नाहीं. परंतु उठलों, छत्री घेतली आणि भिजत त्याच्याबरोबर उभा राहिलों. पुन्हां आमच्या घरांत त्यानें कधीं घाण केली नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, पिलूं आणावयाचें असेल तर अवश्य आणा. पण आणण्यापूर्वीं स्वतःला विचारा, कीं पावसाच्या रात्रीं घंटा वाजली तर उठणार कोण? उत्तर “आई” असें असेल, तर तूर्त थांबा. आणि पालकहो, घरांतील लहान मूल जेव्हां दाराशीं घुटमळतें, पदर ओढतें, किंवा बोलूं कीं नको अशा मुद्रेनें उभें राहातें, तेव्हां हातांतील काम क्षणभर बाजूस ठेवा. तीही घंटाच आहे, आणि उत्तर न मिळाल्यास ती पुन्हां वाजेलच असें नाहीं.