आवळून टाका!

जुन्या मोटारीखाली तेलाचा थेंब दिसला की आमच्या हिंगोलीत तीन पंथ उभे राहतात. पहिला म्हणतो, ‘जुनी गाडी म्हटल्यावर गळायचीच!’ दुसरा म्हणतो, ‘गळतंय म्हणजे आत तेल आहे. थांबलं की काळजी करा.’ हे दोन्ही पंथ निरुपद्रवी. माझं भांडण आहे तिसऱ्याशी. तो पाना घेऊनच येतो आणि म्हणतो, ‘खोलता कशाला साहेब? आवळून टाकू की!’

पद्मिनी मोटारी निघायच्या बंद होऊन पंचवीसएक वर्षं झाली. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा उसासे टाकायला गावोगाव माणसं मिळाली. पण दारात उभ्या असलेल्या पद्मिनीचं चेंबर खोलायचं म्हटलं, तर त्यातलं एकही बाही सारून पुढे येत नाही.

चेंबर म्हणजे इंजिनाच्या पोटाखाली बोल्टांनी बसवलेली पत्र्याची परात. इंजिनाचं तेल तिच्यात साठतं. परात आणि इंजिन यांच्यामध्ये बुचाचं पॅकिंग असतं. बूच ही शेवटी झाडाची साल. वर्षानुवर्षं तापून-निवून ती वसमतच्या मोंढ्यातल्या हळकुंडासारखी खडखडीत होते. म्हातारपणी कडक झालेलं माणूस आवळल्याने मऊ झाल्याचं कुणी ऐकलंय का? मग बुचाकडूनच ही अपेक्षा का?

आवळल्यावर चार दिवस गळती थांबते, हे मान्य. त्याच चार दिवसांच्या भांडवलावर हा पंथ जगतो. पाचव्या दिवशी कळतं, की बोल्टापाशी पत्रा दबलाय आणि दोन बोल्टांच्या मधे फट पडलीय. की पुन्हा आवळा! शेवटी बोल्टाचे आटे जातात. औंढ्याला नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरलं अशी आख्यायिका आहे. पण गेलेले आटे कुणाच्याही कीर्तनाने फिरत नाहीत.

या पंथाची एक उपशाखा ट्यूबमधलं सिलिकॉन थापते. लग्नातल्या केकवर लोणी थापावं तसं! बाहेर ओघळलेलं निदान दिसतं तरी. आत ओघळलेलं सुटून तेलात पडतं आणि पंपाच्या जाळीवर जाऊन बसतं. जाळी तुंबली की बेअरिंगला तेल नाही, आणि बेअरिंगला तेल नाही म्हणजे इंजिनाची राम राम मंडळी! खालचा थेंब वाचवायला वरचा जीव घालवायचा, हा कुठला हिशेब? इंजिनकामाच्या बिलापुढे पॅकिंगची किंमत म्हणजे चिल्लर.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: खोला! पण आधी वर बघा. तेल वरून खाली येतं. पुष्कळदा गळतं टॅपेट कव्हर, आणि बदनाम होतं चेंबर. इंजिनाची वाफ बाहेर सोडणारी नळी तुंबली असेल, तर आतला दाब नवं पॅकिंगसुद्धा टिकू देत नाही. ती साफ करा. मग गाडी घोड्यांवर घ्या, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. तेल कोमट असताना सोडा. चेंबर चिकटून बसलं तर लाकडी हातोडीने थोपटा, पेचकस खुपसू नका. जुनं बूच खरवडा, जाळी धुवा, दबलेला पत्रा ठोकून सपाट करा. नांदेडहून आणलेलं पॅकिंग दुकानात सुकून आखडलं असेल, भोकं जुळत नसतील, तर कोमट पाण्यात भिजवा. ते पुन्हा अंगावर येतं. नंतर पुसून, कोरडं करून बसवा. बोल्ट आधी सगळे हाताने लावा, मग समोरासमोरचे थोडे थोडे घट्ट करा. बूच दबलं पाहिजे, चिरडलं नाही.

मग रात्रभर गाडीखाली वर्तमानपत्र पसरा आणि सकाळी ते कोरडं पान शेजाऱ्यांना अभिमानाने दाखवा. ते चष्मा सावरून नीट बघतील आणि विचारतील, ‘आत तेल टाकलंय ना?’