धुण्याच्या दगडावरचा इतिहास

मुंबईहून पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी असे करत बेंगळुरूला जाणारा जुना चार क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग तिथेच संपत नसे. तो पुढे कोलारवरून चेन्नईपर्यंत जात असे. बेंगळुरू मागे टाकून पूर्वेकडे पंचवीस-तीस किलोमीटर गेले की या रस्त्यावर होसकोटे लागते. होस म्हणजे नवा आणि कोटे म्हणजे किल्ला. सुगटूरच्या तम्मेगौडाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस हा ‘नवा किल्ला’ बांधला.

मराठी माणसाला हे गाव परके वाटण्याचे कारण नाही. १६३८च्या सुमारास विजापूरकरांनी हा मुलूख जिंकला आणि बेंगळुरू, कोलारबरोबर होसकोटेही शहाजीराजांच्या जहागिरीत आले. पुढे १७६८ मध्ये मुरारराव घोरपडे यांच्या छावणीवर हैदरअलीने रात्रीचा छापा घातला, तोही याच गावाजवळ.

आज होसकोटेला किल्ला शोधत जाणाऱ्याच्या नजरेत आधी कारखाने, गोदामे आणि मालमोटारींच्या रांगाच भरतात. पण या तालुक्याचा खरा जुना ठेवा किल्ल्याहून कितीतरी आधीचा आहे. शेताच्या बांधावर, तळ्याच्या काठी, देवळाच्या मागच्या बाजूला अर्धे जमिनीत गाडलेले दगड उभे असतात. त्यांच्यावर कन्नड किंवा तमिळ लिपीतला मजकूर कोरलेला असतो. कुणी देवाला जमीन दिली, कुणी तळे बांधले, कुणी गावची गुरे सोडवताना लढून मेला, अशा त्या नोंदी. लिहिणाऱ्याने त्या जगाला सांगण्यासाठीच कोरल्या. पण आज त्या डोळ्यांसमोर असूनही दिसत नाहीत.

लेख होता, दगड गेला

या दगडांची पहिली मोठी मोजदाद बेंजामिन लुई राईस यांनी केली. राईस इंग्रज असले तरी जन्माने बेंगळुरूचे. म्हैसूर संस्थानच्या गावोगावी हिंडून त्यांनी आणि त्यांच्या मदतनिसांनी हजारो शिलालेख उतरवून घेतले. ‘एपिग्राफिया कर्नाटिका’ या त्यांच्या ग्रंथमालेचा बेंगळुरू जिल्ह्याचा नववा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यात होसकोटे तालुक्याचे लेख वेगळे दिलेले आहेत.

त्या काळी लेख उतरवण्याची एक रीत होती. दगड घासून धुवायचा, त्यावर ओला कागद चिकटवायचा, ब्रशने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत बसवायचा आणि वरून शाईचा बोळा फिरवायचा. कागद काळा होई आणि अक्षरे पांढरी उमटत. मात्र झिजलेली अक्षरे ठशात नीट येत नसत. मग वाचणाऱ्याला अंदाज करावा लागे किंवा जागा मोकळी सोडावी लागे.

राईस यांचा खंड हाती घेऊन आज दगड शोधायला निघाले, तर अनेक ठिकाणी निराशा पदरी पडते. पुस्तकात लेख आहे, गाव आहे, पण दगड नाही. कुठे तो पायाच्या भरावात गेला, कुठे मोरीवर फरशी म्हणून बसला, कुठे त्यावर वर्षानुवर्षे कपडे धुतले गेले. दगडाखाली धन पुरले आहे, या समजुतीने काही फोडले गेले. यात दुष्टावा कमी आणि अजाणपणा जास्त. ज्याला अक्षर वाचता येत नाही, त्याच्या लेखी तो एक सपाट, चांगला दगड असतो.

जंगलाआड हजारो इमारती

जगाच्या दुसऱ्या टोकाला, मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या जंगलांत माया लोकांच्या नगरांचे नेमके उलट झाले. तिथली वस्ती उठून गेली, झाडांनी पिरॅमिड गिळले आणि हजार-बाराशे वर्षे तिकडे फारसे कुणी फिरकले नाही. संशोधकांना कोयत्याने वाट काढत एकेक भिंत शोधावी लागे. बेलीझमधल्या काराकोल या नगराचा सुमारे तेवीस चौरस किलोमीटरचा नकाशा तयार व्हायला पंचवीस वर्षे लागली होती. २००९ मध्ये तिथे विमानातून पाहणी झाली आणि अवघ्या काही दिवसांत दोनशे चौरस किलोमीटरचा नकाशा हाती आला.

ही किमया ‘लायडार’ या तंत्राची. विमानातून जमिनीकडे दर सेकंदाला लाखभर किंवा त्याहूनही जास्त लेसर किरणांचे ठोके सोडतात. बहुतेक ठोके पानांवर आपटून परततात. पण काही फटींतून थेट जमिनीपर्यंत पोहोचतात. परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर कळते. मग संगणक पानांवरून आलेले ठिपके बाजूला काढतो आणि झाडे नसती तर जमीन कशी दिसली असती, ते चित्र समोर ठेवतो. त्यात चौथरे, रस्ते, कालवे सरळ ओळखू येतात. २०१८ मध्ये ग्वाटेमालातल्या दोन हजार शंभर चौरस किलोमीटरच्या पाहणीत साठ हजारांहून अधिक बांधकामे उजेडात आली.

२०२४ मध्ये तर आणखी गंमत झाली. ल्यूक ऑल्ड-थॉमस या अमेरिकी संशोधकाला इंटरनेटवर शोधताना, कितीतरी पाने उलटल्यावर, मेक्सिकोतली एक जुनी लायडार पाहणी सापडली. ती २०१३ मध्ये जंगलांच्या अभ्यासासाठी केलेली होती. तीच माहिती पुरातत्त्वाच्या नजरेने तपासल्यावर कांपेचे राज्यात साडेसहा हजारांहून अधिक बांधकामे दिसली. त्यातल्या मोठ्या नगराला ‘वालेरियाना’ असे नाव देण्यात आले. इ. स. ७५० ते ८५० हा त्याच्या भरभराटीचा काळ मानला जातो. माहिती दहा वर्षे तयार पडून होती. तिच्याकडे त्या नजरेने कुणी पाहिले नव्हते, इतकेच.

अक्षरावर पडलेला उजेड

बेंगळुरूच्या दगडांच्या बाबतीतही तेच घडले. पी. एल. उदयकुमार आणि त्यांच्यासारख्या काही नागरिकांनी राईस यांचे खंड घेऊन सुटीच्या दिवशी दगड शोधायला सुरुवात केली. १९०९ पासून इतिहासाच्या क्षेत्रात काम करणारी बेंगळुरूची मिथिक सोसायटी पाठीशी उभी राहिली आणि जानेवारी २०२१ पासून शिलालेखांच्या त्रिमितीय नोंदीचा प्रकल्प सुरू झाला. बेंगळुरू शहराबरोबर, होसकोटे ज्यात येते तो बेंगळुरू ग्रामीण जिल्हाही त्याच्या कक्षेत आहे.

इथे विमान लागत नाही. हातात धरता येईल असे यंत्र दगडावर प्रकाशाची नक्षी टाकते. खाच असेल तिथे नक्षी वाकते आणि कॅमेरे ते वाकणे टिपतात. मिलिमीटरच्या अंशाइतका खोलगटपणाही त्यातून सुटत नाही. जंगलावरून झाडे बाजूला काढावीत तसा संगणक दगडावरून रंग, शेवाळ, चुन्याचे डाग बाजूला काढतो आणि फक्त उंच-सखलपणा दाखवतो. बोटाला न जाणवणारी अक्षरे पडद्यावर उठून दिसतात. जुन्या वाचनातली काही चुकीची अक्षरे अशी दुरुस्त झाली आणि काही मोकळ्या जागा भरल्या गेल्या.

२०१८ मध्ये हेब्बाळ भागात सापडलेला एक वीरगळ गंग राजा श्रीपुरुषाच्या काळातला, म्हणजे इ. स. ७५०च्या सुमाराचा निघाला. कित्तय्या नावाचा एक वीर लढाईत पडला, त्याचे हे स्मारक. तिकडे वालेरियाना गजबजत होते, त्याच सुमारास इकडे कित्तय्याची आठवण दगडावर कोरली जात होती. आज रहिवाशांच्या पुढाकाराने या दगडाला मंडप मिळाला आहे.

बेगूरच्या देवळातला लेख तर सगळ्या शहराचा आहे. होयसळ राजा बल्लाळाला एका म्हातारीने उकडलेले दाणे दिले, म्हणून गाव ‘बेंदकाळूरू’ आणि त्याचे बेंगळुरू झाले, ही कथा तिथली मुले ऐकतच मोठी होतात. ती घडली असे सांगतात बाराव्या शतकात. पण इ. स. ८९०च्या सुमाराच्या बेगूर लेखात ‘बेंगळुरूची लढाई’ असा स्वच्छ उल्लेख आहे. म्हणजे नाव त्या म्हातारीच्या आधी निदान तीनशे वर्षे होतेच.

वेळ कुणाच्या हाती?

मायांच्या नगरांना जंगलाने झाकले, आणि झाकले म्हणूनच ती वाचली. होसकोटेच्या दगडांना झाकायला जंगल नाही. त्यांच्या अंगावर शहर चालून येते आहे. बेंगळुरू-चेन्नई द्रुतगती महामार्ग होसकोटेपासूनच सुरू होतो. जिथे बांध होता तिथे भूखंड पडतात आणि यंत्राच्या एका फेऱ्यात बाराशे वर्षांचा दगड मातीच्या ढिगात जातो. लायडारला उशीर झाला तरी पिरॅमिड जागेवर असतात. दगड एकदा गेला की कितीही उत्तम यंत्र आणले, तरी ते प्रकाश टाकणार कशावर?

म्हणूनच या कामात यंत्राआधी माणूस लागतो. गावात शिरल्यावर शोधणाऱ्यांना वाट दाखवतो तो एखादा वृद्ध शेतकरी, किंवा ‘आमच्या गोठ्यामागे लिहिलेला दगड आहे’ असे सांगणारी एखादी आजीबाई. आपल्या गावचा दगड काय म्हणतो ते एकदा कळले, की तिथले लोकच त्याला जपू लागतात. कालपर्यंत ज्यावर कपडे आपटले, त्यावर दुसऱ्या दिवशी हळद-कुंकू वाहिले जाते.

आपल्याकडेही चित्र वेगळे नाही. अलिबागजवळच्या आक्षीचा शके ९३४चा, म्हणजे इ. स. १०१२चा शिलालेख मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जातो, आणि तोही बरीच वर्षे रस्त्याच्या कडेला दुर्लक्षित उभा होता. महाराष्ट्रात गावोगावी वेशीपाशी, पारावर, देवळाच्या आवारात वीरगळ आणि गधेगळ पडलेले आहेत. काहींवर शेंदराची पुटे चढली आहेत, तर काहींचा पायरीसारखा वापर होतो.

येत्या सुटीत गावी गेल्यावर मुलांना घेऊन एक चक्कर मारावी. वर चंद्र-सूर्य कोरलेला एखादा दगड दिसला तर त्याला घासू नये, रंगवू नये, हलवू नये. त्याचे छायाचित्र काढावे, जागा टिपून ठेवावी आणि पुरातत्त्व विभागाला किंवा जवळच्या इतिहास मंडळाला कळवावे. अक्षरे वाचण्याचे काम जाणकार आणि त्यांची यंत्रे करतील. तोवर दगड जागेवर राहील एवढे पाहणे, हे मात्र गावच्याच माणसाच्या हाती आहे.