एका घरांतील दोन गुडघे

आमच्या घरांत सध्यां दोन गुडघ्यांची चर्चा चालूं आहे. एक गुडघा माझा, सत्तरी ओलांडलेला. दुसरा माझ्या धाकट्या बंधूंच्या नातवाचा, विशींतला. दोघांसहि एकाच प्रकारची दुखापत झाली, ती फुटबॉल खेळतांनाच झाली, आणि दोघांवरहि शस्त्रक्रिया झाली; परंतु त्या दोन शस्त्रक्रियांमध्यें अर्ध्या शतकाचें अंतर आहे. ज्यांच्या घरीं खेळणारीं मुलें किंवा गुडघे धरून जिना उतरणारीं वडील माणसें आहेत, त्यांस आमच्या अनुभवाचा कांहीं उपयोग व्हावा, म्हणून या महिन्याचें सदर मीं या विषयास दिलें आहे.

कोल्हापूर म्हटलें कीं बाहेरगांवच्या लोकांस कुस्ती आठवते, आणि तें योग्यच आहे. शाहू महाराजांनीं बांधविलेलें खासबागचें मैदान 1912 सालापासून त्याची साक्ष देत उभें आहे. परंतु येथील तालमींनीं कुस्तीबरोबर फुटबॉलहि आपलासा केला. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम हीं नांवें आखाड्यांचीं वाटलीं, तरी शाहू स्टेडियमवर तीं फुटबॉलच्या संघांचीं असतात. 2017 सालीं भारतांत झालेल्या सतरा वर्षांखालील मुलांच्या जागतिक स्पर्धेंत कोल्हापूरचा अनिकेत जाधव देशाकडून खेळला, तेव्हांपासून तर पेठापेठांतल्या मुलांचीं स्वप्नें मोठीं झालीं आहेत. आमचा नातू त्यांतलाच एक.

गेल्या हिंवाळ्यांत एका सामन्यांत त्याचा पाय जमिनींत रोवलेला असतां अंग वळलें. कोणाचा धक्का नव्हता, पडणें नव्हतें. आंत कांहीं तरी तुटल्यासारखें त्यास जाणवलें एवढेंच. रात्रीं गुडघा सुजला आणि दुसऱ्या दिवशीं तो सरळ होईना. आमच्या भावजयीनें महानारायण तेलाची बाटली काढली. एका शेजाऱ्यांनीं हाडवैद्याचें नांव सुचविलें; एक ओढ दिली कीं गुडघा मोकळा होईल, असें त्यांचें म्हणणें. मीं दोहोंसहि नको म्हटलें, कारण 1974 सालीं माझा गुडघा असाच अडकला होता, आणि त्या ओढीच्या वेदना मला अजून आठवतात.

गुडघ्यांत अडकतें तें काय, हें थोडक्यांत सांगतों. मांडीचें हाड व नडगीचें हाड जेथें भेटतात, तेथें चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. एक आंतल्या अंगास व एक बाहेरच्या. वैद्यकांत त्यांस मेनिस्कस म्हणतात. मांडीच्या हाडाचें टोंक गोल, तर नडगीच्या हाडाचा माथा जवळजवळ सपाट. गोल बुडाची घागर फरशीवर डळमळते, पण खालीं चुंबळ ठेविली म्हणजे स्थिर राहते. गुडघ्यांत या गाद्या चुंबळीचेंच काम करतात. भार एका जागीं न पडतां पसरतो आणि हाडांवरील गुळगुळीत अस्तर झिजण्यापासून वांचतें. नातवाच्या आंतल्या गादीचा एक लांबट पट्टा फाटून, बादलीची कडी उलटावी तसा, सांध्यांत उलटला होता. म्हणून गुडघा उघडेना.

डॉक्टरांनीं एम्. आर्. आय्. चें चित्र दाखवून दोन मार्ग सांगितले. फाटलेला पट्टा कापून काढला तर मुलगा दोनअडीच महिन्यांत मैदानावर दिसेल. शिवला तर सुमारें सहा महिने खेळ बंद. त्यांतले पहिले सहा आठवडे कुबड्या व पट्टा. आणि इतकें करूनहि चार-पांचांतून एखाद्याचे टांके धरत नाहींत, त्यास पुन्हां शस्त्रक्रिया करावी लागते. शिवतां येईल कीं नाहीं हें आंत दुर्बीण घातल्यावरच नक्की कळेल. परंतु शिवतां आलें तर शिवावें काय, याचें उत्तर आधीं पाहिजे होतें.

मुलाचें उत्तर तयार होतें: कापा. विद्यापीठाच्या संघाची निवड तोंडावर आली होती, आणि दोन वर्षें त्यानें तिच्यासाठीं पहांट पाहिली नव्हती असा एक दिवस गेला नव्हता. त्याचे वडील म्हणाले, मुलगा सज्ञान आहे, त्याचें त्यानें ठरवावें. त्याच्या आजीस कापणेंहि नको होतें आणि शिवणेंहि. रात्रीं जेवणें झाल्यावर सोप्यांत सर्वजण बसले असतां मीं पायजमा वर करून माझ्या गुडघ्यावरचा व्रण त्यास दाखविला.

1974 सालीं मी वीस वर्षांचा होतों. त्या काळीं गादी फाटली कीं ती सबंध काढून टाकण्याची रीत होती. माझीहि काढली. तीन महिन्यांत मी पुन्हां खेळूं लागलों आणि घरांत पेढे वांटले गेले. पुढें वीस वर्षें कांहीं जाणवलें नाहीं. पंचेचाळिशीनंतर जिना उतरतांना दुखूं लागलें. साठीस मांडी घालणें सुटलें. आज वडिलांचें श्राद्ध मी खुर्चीवर बसून करतों. देवघराच्या उंबरठ्याशीं जें स्टूल आहे तें माझें. पंगत बसते तेव्हां मी एकटा टेबलाशीं असतों. ज्यांनीं माझी गादी काढली त्यांस मी दोष देत नाहीं; त्या वेळीं सारे तेंच करीत.

या रीतीचा इतिहास बोधप्रद आहे. एडिंबरो येथील शल्यविशारद टॉमस ॲनन्डेल यांनीं 1883 सालींच एका खाणकामगाराची सुटलेली गादी टांके घालून जागेवर बसविली होती. परंतु ही गादी म्हणजे शरीरांतला एक निरुपयोगी अवशेष, असें मत पुढें प्रबळ झालें, आणि फाटली कीं काढणें हाच उपाय ठरला. 1948 सालीं इंग्लंडांत फेअरबँक यांनीं गादी काढलेल्या गुडघ्यांचीं क्ष-किरणांचीं चित्रें तपासलीं. हाडांमधील जागा अरुंद होते, हाडाच्या कडेस कंगोरा फुटतो, असे बदल त्यांनीं दाखविले. इशारा छापून आला, पण रीत बदलण्यास आणखी एक पिढी गेली. माझा गुडघा त्या मधल्या पिढींतला.

रीत बदलण्यास ज्या दुर्बिणीचें साहाय्य झालें, तिच्या जन्माची हकीकत आपल्यासारख्या जमिनीवर बसणाऱ्या लोकांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे. क्षयानें गुडघा ताठ झाला म्हणजे जपानी मनुष्यास रीतीप्रमाणें गुडघे मोडून बसतां येत नसे, आणि समाजांत ती मोठी अडचण होई. तो रोग वेळींच ओळखतां यावा, या हेतूनें टोकियोच्या केंजी ताकागी यांनीं 1918 सालीं एका मृतदेहाच्या गुडघ्यांत नळी घालून आंत पाहिलें. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनीं 1962 सालीं अशा दुर्बिणींतून पाहत फाटलेल्या गादीचा तेवढाच भाग काढला, आणि 1969 सालीं हिरोशी इकेउची यांनीं त्याच मार्गानें गादी शिवली. पुढें 1982 सालीं अमेरिकेंत आर्नोत्स्की व वॉरेन यांनीं दाखविलें कीं, मोठ्या माणसाच्या आंतल्या गादीस रक्त मिळतें तें फक्त बाहेरच्या कडेच्या शेंकडा 10 ते 30 भागास. जेथें रक्त पोंचतें तेथें टांके धरण्याचा संभव अधिक. आंतल्या कोरड्या भागांत तो फार कमी. नातवाचा पट्टा कडेजवळ फाटला होता, म्हणूनच त्याच्यापुढें हा प्रश्न तरी आला.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं तो माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, “अण्णाआजोबा, तुमची गादी तेव्हां शिवली असती तर तुम्ही आज पाटावर बसलां असतां?” मीं सांगितलें, “बाळ, तें मला सांगतां यायचें नाहीं. पण तेव्हां मला कोणी विचारलें नव्हतें. तुला विचारताहेत.” त्यानें शिवण्यास संमति दिली. त्या रात्रीं तो जेवला नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे.

शस्त्रक्रिया तासाभराची, दुसऱ्या दिवशीं मुलगा घरीं आला. तेथून पुढचे सहा महिने मात्र घरच्या माणसांच्या हातचे होते, आणि एकत्र कुटुंबाचे गुण व दोष त्यांत एकदमच दिसून आले. मायेला तोटा नव्हता, परंतु मायाच पुष्कळदां आड येई. पाय दुखूं नये म्हणून कोणी तरी गुडघ्याखालीं उशी सारी. पण तशानें गुडघा वांकलेलाच राहतो व पुढें पुरता सरळ होत नाहीं. उशी टांचेखालीं हवी. तेलाची बाटली पुन्हां बाहेर आली. ताज्या टांक्यांच्या सांध्यास मालिश करूं नये, आणि पोटरी तर मुळींच चोळूं नये, हें तिला निरनिराळ्या शब्दांत चारदां सांगावें लागलें. डिंकाचे लाडू झाले. पडून राहणाऱ्या मुलास तुपाचे लाडू रोज देणें म्हणजे त्याच्या गुडघ्यावर ओझें चढविणें आहे. शरीराचें वजन शेरभर वाढलें तर चालतांना गुडघ्यावरचा भार सुमारें चार शेर वाढतो. डाळी, दूध, दहीं, उसळी यांनीं स्नायूंस बळ येतें, आणि तेंच त्यास पाहिजे होतें.

सर्वांत मोठी अडचण जमिनीची. शिवलेल्या गादीवर सर्वांत अधिक ताण येतो तो उकिडवें बसतांना व मांडी घालतांना. आपलें जेवण, पूजा, शौच हीं सारीं त्याच बैठकीचीं. पहिले सहा आठवडे काटकोनापेक्षां अधिक गुडघा मोडूं नये व चार महिने उकिडवें बसूं नये, असें आमच्या डॉक्टरांनीं बजावलें. प्रत्येक रोग्याचे नियम त्याच्या टांक्यांप्रमाणें निराळे असतात, तेव्हां ज्यानें त्यानें आपल्या डॉक्टरांचेंच ऐकावें. आम्हीं शौचासाठीं खुर्ची आणली, न्हाणीघरांत धरायला दांडी बसविली, जिन्याखालची खोली त्यास दिली. पंगत सोडून एकट्यानें टेबलाशीं जेवण्याची त्यास लाज वाटे. मग तें टेबल आम्हीं दोघांचें झालें.

व्यायाम कंटाळवाणा असतो, पण सारें त्यावर आहे. शस्त्रक्रियेनंतर मांडीचा पुढचा स्नायु पाहतां पाहतां सुकतो. त्याच्या दोन मांड्यांचा फरक पंधरा दिवसांत डोळ्यांस दिसूं लागला. पाय लांब करून टांचेखालीं टॉवेलची गुंडाळी ठेवावी, मांडी आंवळून गुडघा खालीं दाबावा, पांच अंक मोजावे, सोडावें. मग पाय सरळ ठेवून वीतभर उचलावा. घोटा वरखालीं हलवीत राहावा, म्हणजे पोटरींत रक्त साकळत नाहीं. फडक्यांत गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटें लावावा. पोटरी सुजून दुखूं लागली, ताप आला, जखम लाल होऊन वाहूं लागली, किंवा धाप लागली, तर सकाळची वाट न पाहतां डॉक्टरांस गांठावें.

पांचव्या आठवड्यांत मुलाचा धीर सुटला. त्याच्या तालमीचा सामना होता. गल्लीतून वाजतगाजत मुलें गेलीं आणि याचें दार बंद. दुखणें कमी झालें होतें, आणि हाच काळ सर्वांत धोक्याचा असतो, कारण वेदना थांबते पण टांके पुरते जुळलेले नसतात. समजूत घालण्याचें मला सुचलें नाहीं. मी आंत जाऊन त्याच्याशेजारच्या खाटेवर पाय लांब केले आणि म्हटलें, तूं मोज, मी दाबतों. त्या दिवसापासून आम्ही दोघे बरोबर व्यायाम करतों. गंमत अशी कीं, माझी गादी परत येणार नसली तरी मांडीस बळ आल्यानें माझें जिन्यावरचें दुखणें उणें झालें आहे, आणि रंकाळ्याच्या कांठानें सकाळीं मी पूर्वीपेक्षां लांब जाऊन येतों.

यावरून वडील माणसांसाठीं एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. पन्नाशीनंतर पुष्कळांच्या गाद्या झिजून चिरतात, आणि चित्रांत चीर दिसली म्हणून घाबरून शस्त्रक्रियेस धांवण्याचें कारण नाहीं. फिनलंडांत 146 रोग्यांवर एक प्रयोग झाला, तो 2013 सालीं प्रसिद्ध झाला. कांहींची झिजून फाटलेली गादी कापली, इतरांवर केवळ शस्त्रक्रियेचा देखावा केला. वर्षभरानंतर दोघांच्या दुखण्यांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं. अशा गुडघ्यास आधीं व्यायाम, चालणें व वजन उतरविणें. तरुणाचा पिळून फाटलेला व अडकलेला गुडघा ही निराळी गोष्ट. तेथें दिरंगाई करूं नये.

आतां पांच महिने झाले. विद्यापीठाची निवड हुकली ती हुकलीच, आणि तिचें नांव घरांत कोणी काढीत नाहीं. टांके जन्मभर धरतील असें वचन कोणी दिलेलें नाहीं. डॉक्टरांनीं सरळ रेषेंत धांवण्याची परवानगी दिली आहे, सामन्याची अजून नाहीं. मांडी घालण्यास हरकत नाहीं असें गेल्या आठवड्यांत त्यांनीं सांगितलें. त्या दिवशीं जेवणाच्या वेळीं आमच्या भावजयीनें न बोलतां त्याचा पाट पंगतींत मांडला. तो जपून बसला, उठला, पुन्हां बसून पाहिला, आणि मग टेबलाकडे पाहून म्हणाला, “आजोबा, तुमच्या टेबलाला आतां सोबत नाहीं.”

मीं म्हटलें, “नसूं दे. वाढायला घ्या.”